ॲनिमेशनलाही एक करंडक हवा : महाराष्ट्र शासनास खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, सांस्कृतिक कार्य विभाग,
तसेच राज्याच्या एव्हीजीसी-एक्सआर धोरणाच्या अंमलबजावणीची जबाबदारी असलेले सर्व अधिकारी,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : ॲनिमेशन कलावंतांसाठी जिल्हा पातळीवर वार्षिक स्पर्धा, नियमित प्रदर्शने आणि लहान अनुदाने सुरू करण्याबाबत

महोदय,

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग, कॉमिक्स आणि विस्तारित वास्तव (इंग्रजी आद्याक्षरांनी एव्हीजीसी-एक्सआर) या क्षेत्रांसाठीचे धोरण मंजूर केले, २०५० पर्यंतचा ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा जाहीर केला आणि त्यातून सुमारे ५० हजार कोटींची गुंतवणूक व दोन लाख रोजगार अपेक्षित असल्याचे सांगितले. मुंबईबाहेर, मुख्यतः पुणे, नाशिक आणि कोल्हापूर येथे ॲनिमेशन करणाऱ्या व शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना या निर्णयाचा आनंद झाला. या क्षेत्राला राज्याचे स्वतंत्र धोरण असावे, ही आमची जुनी मागणी होती. शेजारच्या कर्नाटकाने असे धोरण २०१२ मध्येच आणले होते, त्यामुळे उशीर झाला हे खरे. पण तो विषय आज उकरून काढण्यात अर्थ नाही. या पत्राचा विषय मर्यादित आहे. ज्या माणसांच्या बळावर हे क्षेत्र उभे राहायचे आहे, त्यांना एकमेकांचे काम पाहण्याची आणि ठरलेल्या तारखेला आपली फिल्म पूर्ण करून चार लोकांसमोर दाखवण्याची सोय मुंबईबाहेर जवळजवळ नाही. ती शासनाने करावी आणि त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही, एवढेच आम्हाला मांडायचे आहे.

हे काम शासनाला नवे नाही. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य नाट्य स्पर्धा अनेक दशके केंद्राकेंद्रांवर होते. अर्ज मागवणे, प्राथमिक फेरी, परीक्षकांच्या नेमणुका, अंतिम फेरी, निर्मितीखर्चाला हातभार ही सगळी घडी आपल्याकडे बसलेली आहे. या स्पर्धेतून किती व्यावसायिक नट निघाले, याची गणती करणारे करतीलच. त्याहून मोलाची गोष्ट अशी, की सांगली, नगर, नागपूर, रत्नागिरी अशा गावांत नाटक करणाऱ्यांची एक जमात तयार झाली, जी दरवर्षी ‘यंदा काय बसवायचं’ या प्रश्नाने जागी होते. शासनाबाहेरचे उदाहरण द्यायचे तर महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेचे देता येईल. पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ अशी आरोळी उठते, तेव्हा तिच्यामागे कित्येक आठवड्यांच्या तालमी असतात, मागच्या वर्षी हरलेल्यांची चिडचिड असते आणि नव्या मुलांना प्रकाशयोजना शिकवणारे जुने विद्यार्थी असतात. मराठी रंगभूमीला माणसांचा जो अखंड पुरवठा होत राहिला, त्यात या दोन्ही स्पर्धांचा मोठा वाटा आहे. ॲनिमेशनला असे काहीही लाभलेले नाही, आणि म्हणून दरवर्षी खासगी संस्थांतून बाहेर पडणारी मुले एकेकटी आपापल्या संगणकासमोर बसून असतात.

तारखेला आम्ही इतके महत्त्व का देतो, हे या कामाच्या स्वरूपावरून ध्यानात येईल. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. एकेक चित्र दोन चौकटींसाठी वापरण्याची पद्धत धरली, तरी सेकंदाला १२ आणि मिनिटाला ७२० चित्रे लागतात. नोकरी सांभाळून कुणी रोज २० चित्रे पक्की केली, तर एका मिनिटाच्या एका पात्राचे नुसते क्लीन-अप (कच्च्या रेषा पक्क्या करणे) ३६ दिवस चालते. त्याआधीचा स्टोरीबोर्ड (प्रसंगांची चित्रमालिका), ॲनिमॅटिक (तीच चित्रे वेळेनुसार लावून केलेला कच्चा पट) आणि रफ चित्रे, त्यानंतरचे रंगकाम, पार्श्वचित्रे, कम्पोझिटिंग (सगळे थर एकत्र जुळवणे), ध्वनी हे सगळे वेगळेच. असे काम केवळ हौसेवर सहा-आठ महिने रेटणे भल्याभल्यांना जमत नाही. आमच्या ओळखीतल्या बहुतेक कलावंतांच्या हार्ड डिस्कवर अर्धवट सोडलेली निदान एक फिल्म असते, आणि ती सोडण्यामागे प्रतिभेची उणीव क्वचितच असते. ती पूर्ण झाली काय आणि न झाली काय, वाट पाहणारे कुणीच नसते.

आमच्यापैकी काही जण अधूनमधून एखाद्याच्या घरी किंवा वर्गात जमून आपापल्या लाइन टेस्ट दाखवतात. लाइन टेस्ट म्हणजे रंग भरण्यापूर्वीच्या पेन्सिलरेषांची हलती चाचणी. अशा एका बैठकीतला प्रसंग सांगण्यासारखा आहे, कारण कागदोपत्री प्रस्तावात तो कधीच येणार नाही. एका विद्यार्थिनीने डोक्यावर हंडा घेऊन पायऱ्या चढणाऱ्या बाईची दहा सेकंदांची चाल केली होती. रेषा सुंदर होती, पण चाल हलकी वाटत होती आणि का ते तिला कळत नव्हते. मागे बसलेल्या, रिगिंग करणाऱ्या (संगणकी पात्रांना हालचालींचा सांगाडा बसवणाऱ्या) एका मुलाने तीच चाल चार वेळा लावायला सांगितली आणि म्हणाला, “पाऊल टेकल्यावर गुडघा दबतच नाहीये, हंडा रिकामा आहे की काय?” पाऊल टेकल्यानंतर शरीर खाली जाणाऱ्या दोन चौकटी तिने वाढवल्या, मानेची हालचाल कमी केली आणि हंड्यात पाणी आले. हे शिक्षण वर्गात मिळू शकते, पण वर्ग संपल्यावर ते कुठे मिळायचे? अनुभवी ॲनिमेटरलाही दुसऱ्याची नजर लागतेच. मोठ्या स्टुडिओत रोज कामाची तपासणी होते; घरून काम करणाऱ्याला ती अशा मेळाव्यांतूनच मिळू शकते, आणि तेच आमच्याकडे नियमित होत नाहीत.

शासनाने या कलेत माणसे घडवल्याचा दाखला आपल्याच राज्यात आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या एकेक चौकटीने सरकवून ‘आगकाड्यांची मौज’ केली. प्रभात कंपनीने १९३४ मध्ये ‘जंबू काका’ हा व्यंगपट काढला. हे दोन्ही प्रयत्न हुन्नरी माणसांच्या जिद्दीचे होते आणि त्यांच्यामागून परंपरा उभी राहिली नाही. परंपरा उभी राहिली ती मुंबईत, केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात. १९५६ मध्ये डिस्नेचे ॲनिमेटर क्लेअर वीक्स यांना तिथे प्रशिक्षणासाठी आणले गेले, आणि राम मोहन यांच्यासारखी मंडळी त्या विभागातून तयार झाली. पुढे राम मोहन यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला, शेकडो जणांना घडवले आणि भारत-जपान सहकार्यातून झालेल्या रामायणपटावर काम केले. एक छोटा विभाग, एक जाणकार शिक्षक आणि काम दाखवण्याचे हमखास ठिकाण एवढ्या भांडवलावर भारतीय ॲनिमेशनची पहिली पिढी उभी राहिली. तेव्हा फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी दाखवले जात, हे विसरता कामा नये. त्या कलावंतांना प्रेक्षक शोधत फिरावे लागले नाही.

आज कार्यक्रम होतच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनपटांचा मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून दर दोन वर्षांनी भरतो आणि त्यातला ॲनिमेशन विभाग चांगला असतो. द ॲनिमेशन सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था २००१ पासून मुंबईत स्वयंसेवकांच्या बळावर काम करते आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात ॲनिमेशनचे पदव्युत्तर शिक्षण आहे. मे २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात दृक्श्राव्य व मनोरंजन क्षेत्राची वेव्हज परिषद झाली, आणि त्याच वर्षी जुलैत पेडर रोडच्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या (एनएफडीसी) संकुलात इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीजची सुरुवात झाली. यातले प्रत्येक पाऊल मोलाचे आहे. मात्र पत्ते पाहिले तर सगळे मुंबईचे निघतात. लातूरच्या किंवा सावंतवाडीच्या मुलाला चार दिवसांच्या परिषदेसाठी रेल्वेचे तिकीट, राहण्याची सोय आणि बुडालेला रोजगार हे सगळे जमवावे लागते. जमवून तो आलाच, तर भव्य पडदे, नामवंतांची भाषणे आणि दालनांची गर्दी पाहून परततो. आपली अर्धी झालेली फिल्म कुणाला दाखवावी, असा माणूस त्याला तिथे भेटत नाही, कारण तशा भेटीसाठी हे सोहळे रचलेलेच नसतात. मोठ्या परिषदांना आमचा विरोध नाही. त्यांच्याकडून लहान मेळाव्यांच्या कामाची अपेक्षा करू नये, एवढेच म्हणणे आहे.

स्टुडिओ आणि पार्क आले की रोजगार आपोआप येतील, मग स्पर्धांवर पैसा कशाला, असा प्रश्न आपल्याला पडू शकेल. त्याचे उत्तर फेब्रुवारी २०२५ मध्ये मिळाले आहे. चित्रपटांसाठी व्हीएफएक्स करणाऱ्या टेक्निकलर या परदेशी समूहाचा कारभार कोसळला आणि बंगळुरू व मुंबईतली त्यांची कार्यालये बंद झाली. उत्तम काम करणारी माणसे, त्यांच्या कामात काही दोष नसताना, परदेशातल्या ताळेबंदामुळे रस्त्यावर आली. आपल्याकडचा बराचसा रोजगार अशा बाहेरून येणाऱ्या कामावर उभा आहे. त्यातही पहिली नोकरी बहुधा रोटोस्कोपीची, म्हणजे चित्रीकरणातल्या आकृत्यांच्या कडा चौकटीमागून चौकटी आखण्याची असते. लाखांत फी भरून शिकलेल्या मुलांना ही कामे मिळतात, आणि नेमकी हीच कामे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता करू लागली आहेत. कथा रचणारा, पात्राला स्वभाव देणारा आणि टाइमिंगची जाण असलेला माणूस मात्र अजून हवाच असतो. त्याची निवड प्रमाणपत्र पाहून होत नाही, शोरील (स्वतःच्या निवडक कामाची चित्रफीत) पाहून होते. शोरीलमध्ये घालण्यासारखे काही करायला मिळावे म्हणून लघुपट हवेत, आणि लघुपट पूर्ण व्हावेत म्हणून स्पर्धा हव्यात.

स्वतःच्या मातीतल्या गोष्टींना जगात विचारणारे कोणी नाही, ही समजूतही टिकणारी नाही. सर ज. जी. महाविद्यालयात उपयोजित कला शिकलेल्या गीतांजली राव यांनी बव्हंशी एकटीने रंगवलेल्या लघुपटाचा २००६ मध्ये कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात गौरव झाला. मुंबईतल्या एका स्टुडिओने दख्खनी मेंढीच्या लोकरीविषयीची फिल्म खुद्द लोकर वापरून स्टॉप-मोशन पद्धतीने (वस्तू थोडी थोडी सरकवत एकेक चौकट टिपून) केली आणि २०२५ मध्ये फ्रान्समधल्या आनसी ॲनिमेशन महोत्सवात तिला परीक्षकांचा पुरस्कार मिळाला. ज्या लोकरीला भाव नाही म्हणून आमचे मेंढपाळ ती कातरून टाकून देतात, तिने हा मान मिळवला. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेला परशुराम गंगावणे यांच्या रूपाने २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्या चित्रांच्या आणि चामड्याच्या बाहुल्यांच्या सान्निध्यात दोन आठवडे राहून काम करण्याची संधी तरुण ॲनिमेटरांना मिळाली, तर काय घडेल याचा अंदाज आम्हालाही नाही, पण ते पाहण्याची उत्सुकता नक्कीच आहे.

आता प्रत्यक्ष मागणी. राज्य नाट्य स्पर्धेच्या धर्तीवर राज्य ॲनिमेशन स्पर्धा सुरू करावी. पहिल्या वर्षी सहा महसुली विभागांत एकेक केंद्र पुरेसे आहे. एक मिनिटापर्यंतच्या फिल्म आणि दहा मिनिटांपर्यंतच्या फिल्म असे दोन गट असावेत. तिसरा गट आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा आहे, तो म्हणजे तयारीच्या टप्प्यावरच्या प्रकल्पांचा. त्यात कलावंताने स्टोरीबोर्ड, ॲनिमॅटिक आणि तीस सेकंदांचे पूर्ण झालेले काम दाखवावे, आणि निवडलेल्या प्रकल्पाला पुढच्या वर्षाच्या स्पर्धेपर्यंत फिल्म संपवण्यासाठी अनुदान मिळावे. खर्चाचा हिशेब सोपा आहे. ३,२६८ कोटी रुपये पंचवीस वर्षांत विभागले तर वर्षाला सुमारे १३० कोटी होतात. वर्षाला शंभर प्रकल्पांना प्रत्येकी पाच लाख दिले, तर पाच कोटी लागतात. म्हणजे वार्षिक रकमेच्या चार टक्क्यांहूनही कमी. शंभरांतल्या चाळीस फिल्म फसल्या, तरी साठ उरतील, आणि त्या सगळ्या महाराष्ट्रात केलेल्या, हक्क कलावंताकडे असलेल्या फिल्म असतील. हक्कांचा हा मुद्दा नियमावलीत सुरुवातीलाच स्पष्ट लिहावा, कारण बक्षीस देऊन फिल्म कायमची आपल्या नावावर करून घेणाऱ्या स्पर्धा आम्ही पाहिल्या आहेत.

कथांचा प्रश्न बालभारतीच्या मदतीने सुटू शकतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके आणि १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक यांत मराठीतल्या उत्तम लेखकांच्या गोष्टी व कविता आणि नामवंत चित्रकारांची चित्रे आहेत. नवखा ॲनिमेटर हक्कांच्या परवानगीपाशी अडतो. लेखकाचे वारस कोण, त्यांना कुठे गाठायचे, मानधन किती द्यायचे हे त्याला कळत नाही, आणि शेवटी तो ससा-कासवाची गोष्ट करतो. (ससा-कासवाबद्दल आकस नाही, पण दरवर्षी तीन तरी पाहाव्या लागतात.) बालभारतीने निवडक पन्नास गोष्टी आणि कवितांसाठी लेखकांशी किंवा वारसांशी एकदाच करार करून त्या स्पर्धकांना खुल्या कराव्यात. तयार झालेल्या चांगल्या फिल्म शाळांत दाखवता येतील, म्हणजे मराठी मुलांना मराठीत मुळातून सुचलेले ॲनिमेशन पाहायला मिळेल. सध्या त्यांच्या वाट्याला येते ते बहुतेक भाषांतरित असते.

जागेसाठी नवे बांधकाम नको. पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमी आपल्याच विभागाच्या अखत्यारीत आहे. तिथल्या छोट्या सभागृहात महिन्यातली एक संध्याकाळ ॲनिमेशनसाठी राखून ठेवावी. जिल्ह्यांत महापालिकांची आणि नगरपालिकांची नाट्यगृहे आठवड्याच्या मधल्या दिवशी रिकामी असतात. मात्र तिथले प्रोजेक्टर पाहून घ्यावेत, ही आग्रहाची विनंती. एका शहरात आम्ही रात्रीच्या प्रसंगाची फिल्म लावली, तेव्हा विझत आलेल्या दिव्याच्या प्रोजेक्टरवर पडदा तीन मिनिटे नुसता राखाडी दिसला आणि प्रेक्षकांनी वीज गेली समजून टाळ्या वाजवल्या. चार महिने निळ्या रंगाच्या छटा जमवणाऱ्या मुलाचा त्या वेळचा चेहरा ज्यांनी पाहिला, ते केंद्राच्या अंदाजपत्रकात प्रोजेक्टरच्या भाड्याला कात्री लावणार नाहीत.

एक धास्तीही नोंदवून ठेवतो. असा उपक्रम मंजूर झाला की बहुधा निविदा निघते, काम एखाद्या सोहळे भरवणाऱ्या कंपनीला जाते, आणि पैसा स्वागतकमानी, एलईडी भिंती व स्मृतिचिन्हांवर खर्च होतो. हे टाळण्यासाठी एकूण रकमेपैकी निम्म्याहून अधिक भाग कलावंतांना अनुदान, प्रवासखर्च आणि मार्गदर्शकांना मानधन म्हणून जाईल, अशी अट शासननिर्णयातच घालावी. परीक्षकांत निदान दोघे हाताने काम करणारे ॲनिमेटर असावेत आणि प्रत्येक स्पर्धकाला लेखी अभिप्राय मिळावा. केंद्रावरची फेरी संपल्यावर परीक्षकांनी स्पर्धकांसोबत बसून फिल्म पुन्हा लावाव्यात आणि त्यांवर बोलावे. पारितोषिक न मिळालेला स्पर्धक त्या दोन तासांतून जे घेऊन जाईल, ते चषकापेक्षा जास्त टिकेल. नोकरीच्या संधींसाठी अंतिम फेरीला जोडून पोर्टफोलिओ परीक्षणाचा एक दिवस ठेवता येईल. त्या दिवशी येणाऱ्या स्टुडिओंनी आपल्याकडे किती जागा रिकाम्या आहेत, कोणत्या कामाच्या आहेत आणि सुरुवातीचा पगार किती, हे आधी लिहून द्यावे. नाहीतर मुले दिवसभर रांगेत उभी राहतात आणि हाती फक्त भेटकार्ड येते.

वेळापत्रकाबाबत आमची सूचना अशी आहे. २८ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन दिन म्हणून पाळला जातो. १८९२ मध्ये त्या तारखेला एमिल रेनो यांनी पॅरिसमध्ये आपली हलती चित्रे पहिल्यांदा लोकांसमोर दाखवली. अंतिम फेरी त्या दिवशी ठेवावी. पहिल्या वर्षी नवी फिल्म करायला कुणाला वेळ मिळणार नाही, म्हणून मागील दोन वर्षांत पूर्ण झालेल्या फिल्म स्वीकाराव्यात आणि तयारीच्या गटाचे अर्ज ऑगस्टअखेरपर्यंत घ्यावेत. दुसऱ्या वर्षापासून घोषणा आणि अंतिम तारीख यांत किमान दहा महिने असावेत, आणि जाहीर केलेली तारीख कोणत्याही कारणाने पुढे ढकलू नये. नियमावलीचा मसुदा, परीक्षणाचे निकष आणि केंद्रांसाठी लागणाऱ्या तांत्रिक साहित्याची यादी तयार करून देण्याची आमची तयारी आहे. आपण चर्चेला बोलावले, तर स्वखर्चाने येऊ आणि चार-पाच लाइन टेस्टही सोबत आणू, म्हणजे आम्ही कशाबद्दल बोलतो आहोत ते आपल्याला पाहता येईल.

आपले विश्वासू,
पुणे, नाशिक व कोल्हापूर येथील ॲनिमेशन कलावंत आणि शिक्षक यांच्या वतीने
एक ॲनिमेशन शिक्षक, पुणे